चिकन जप्त करायचा अधिकार कुणाला? शेडवरची कोंबडी वेगळी, दुकानातलं मटेरियल वेगळं

जळकोट (ता. तुळजापूर) : शेडवर मर लागली की मेलेला माल रातोरात स्वस्तात निघतो, अशी कुजबुज गावोगाव असते. मग तपासणी कोण करतं, माल कोण उचलतं?

आधी एक समजून घ्या. जिवंत कोंबडी कायद्याच्या भाषेत 'अन्न' नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे. तो कापून विकायला ठेवलेल्या मांसाला लागतो, शेतकऱ्याच्या शेडवरच्या जनावराला, पाखराला नाही. शेडवर रोग आला तर पशुसंवर्धन खातं येतं, 2009 च्या वेगळ्या कायद्यानं. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या दगावल्या, बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करावे लागले. तेव्हा भरपाईचा दर मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीला 90 रुपये, मोठ्या ब्रॉयलरला 70 रुपये होता. खाद्याचा भाव बघता कमीच. पण भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्याची मिळते, आधी मेलेल्याची नाही. म्हणून मर लपवली तर तोटा आपलाच.

आता दुकान. इथं अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी येतो. नमुना घेतला तर त्याचे बाजारभावानं पैसे द्यावे लागतात. नमुन्याचे चार भाग करून सील होतात. एक भाग आपल्या खर्चानं मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, असं दुकानदार सांगू शकतो. संशय असेल तर माल जप्त होतो. मांस नासलेलंच असेल तर लेखी नोटीस देऊन नष्ट करता येतं, कारण ते फ्रीजमध्ये किती दिवस ठेवणार? अहवाल 14 दिवसांत यायला हवा. तो पटला नाही तर 30 दिवसांत अपील आहे.

आणि हे दुकानदारांना सहसा कुणी सांगत नाही : कारण नसताना त्रास द्यायला माल जप्त केला तर कलम 39 नुसार अधिकाऱ्यालाच एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उलट असुरक्षित मांसानं माणूस दगावला, तर विकणाऱ्याला किमान सात वर्षं कैद, जन्मठेपेपर्यंत.

गिऱ्हाइकालाही अधिकार आहे. फी भरून आपण घेतलेलं चिकन तपासून घेता येतं (कलम 40). फक्त घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल खराब निघाला तर फी परत मिळते. तक्रारीसाठी प्रशासनाचा टोल फ्री नंबर : 1800222365.