सेनासाहेब सुभा : वस्त्रे साताऱ्याची, वारसा वऱ्हाडाचा

मराठेशाहीतल्या एका मोठ्या पदाचा निकाल वणीजवळच्या मंदर गावी लागला. १७३०च्या सुमारास रघूजी भोसल्यांनी आपले चुलते कान्होजी यांना तिथे कैद करून साताऱ्याला धाडले. कान्होजींचे ठाणे भाम हेही आजच्या यवतमाळ जिल्ह्यातलेच. भांडण होते सेनासाहेब सुभा, म्हणजे सुभ्याच्या फौजेचा प्रमुख, या पदासाठी.

राजाराम महाराजांच्या काळात हा मान भोसल्यांच्या घरात आला तो कान्होजींचे वडील परसोजी यांच्यामुळे. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज खरे की तोतये, अशी कुजबूज चालली होती. परसोजी त्यांच्यासोबत एका ताटात जेवले आणि संशय फिटला, असे सांगतात. शाहूंनी त्यांचे पद कायम केले.

या पदाची खरी गंमत पुढेच आहे. ते घराण्यात चाले, पण आपोआप नाही. वारसाला साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत. हिशेबावरून कान्होजींचे शाहूंशी बिनसले, तेव्हा महाराजांनी तीच वस्त्रे रघूजींना दिली. याच रघूजींच्या फौजा पुढे थेट बंगालपर्यंत गेल्या.

१७५५ साली रघूजी वारले आणि मुलांत तंटा पेटला. सेनासाहेब सुभा जानोजी झाले. मुधोजींची समजूत सेनाधुरंधर या पदाने काढावी लागली. जानोजींमागे तर २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या रणात मुधोजींच्या पिस्तुलाची गोळी सावत्र भाऊ साबाजींना लागली आणि ते ठार झाले. मंजुरी वरून यायची म्हणूनच घरातली भांडणे इतकी विकोपाला गेली, असे हा इतिहास वाचताना वाटत राहते.

१८०३ साली इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. भाम आणि मंदर भोसल्यांच्या हातून सुटले ते कायमचे.

पन्नास वर्षांनी, ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राण्यांनी यशवंतरावांना दत्तक घेऊन जानोजी नाव ठेवले. पण मंजुरीचा हक्क आता इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने आपल्याकडे घेतला होता. त्याने दत्तक नाकारला आणि १८५४ साली भोसल्यांचे नागपूरचे राज्य खालसा केले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध राणी बाकाबाईंनी अर्जविनंत्या केल्या, त्या वाया गेल्या. राजवाड्यातले जवाहीर लिलावात निघाले. तरीही १८५७च्या उठावात बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. पुढे इंग्रजांनी जानोजींना साताऱ्याकडच्या देऊरचे राजेबहादूर केले. सेनासाहेब सुभा हे पद मात्र त्यांनी परत दिले नाही.