छायाचित्रकाराची आषाढी

आषाढ शुद्ध दशमीचा दिवस कलू लागला, की वाखरीच्या तळावरून संतांच्या पालख्या पंढरीकडे निघतात. टाळमृदंगांच्या घोषाने वाट दुमदुमून जाते. पताका, तुळशीवृंदावने, वीणेकरी, शीण विसरून झपझप पडणारी पावले. आणि त्या साऱ्या लोटातील प्रत्येक मुख मंदिराच्या कळसाकडे लागलेले. या जनप्रवाहात एखादाच मनुष्य असा दिसतो, की ज्याची पाठ कळसाकडे आणि मुख वारकऱ्यांकडे असते. दिंडी पुढे सरकते तसा तो मागे सरकतो आणि उलट्या पावलांनीच पंढरीत प्रवेश करतो. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर पिशवी, पावसाची सर आली तर यंत्रावर ओढून घ्यायला प्लास्टिकचा एक तुकडा, असा त्याचा वेष. तो गावच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार होय.

आषाढीच्या विशेष पानात संतमहिमा, नाममहिमा, क्षेत्रमहिमा यांवर पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिले जावे हेच योग्य. परंतु त्याच पानाच्या माथ्यावर जे छायाचित्र छापलेले असते, ते कोणी काढले, कोठे उभे राहून काढले आणि ते काढताना त्याची स्वतःची एकादशी कशी गेली, याचा विचार आपण सहसा करीत नाही. क्षेत्रातील कीर्तनकार या नात्याने आम्ही ही मंडळी अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहोत. म्हणून यंदा त्यांच्या सेवेविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले.

साक्षी कोणास म्हणावे?

जो स्वतः प्रत्यक्ष पाहतो तोच साक्षी, असा या शब्दाचा अर्थ पाणिनीने बांधून दिला आहे. दुसऱ्याकडून ऐकून सांगणारा साक्षी होत नाही. महाभारतात व्यासांनी संजयाला दिव्य दृष्टी दिली आणि त्याने रणांगणावरील वृत्तांत धृतराष्ट्राला निवेदन केला. तो राजा अंध होता. आपण डोळस आहोत. तथापि लाखो भाविकांच्या मेळ्यात उभे राहिल्यावर आपल्या दोन डोळ्यांना पुढच्याची पाठ आणि वरचे आभाळ यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. उरलेली वारी आपण दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रातच पाहतो.

मराठीतील पहिले वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले, आणि त्याला नाव दिले ‘दर्पण’. फ्रान्समध्ये दागेरच्या छायाचित्रणविद्येची कृती जगापुढे उघड झाली ती १८३९ च्या ऑगस्ट महिन्यात. म्हणजे प्रतिबिंब धरून ठेवण्याची ही विद्या जगाला ठाऊक होण्याच्या सात वर्षे आधीच मराठी वृत्तपत्राने आरशाचे नाव धारण केले होते! पुढे या विद्येला आपल्या भाषेने ‘छायाचित्रण’ हे नाव दिले, तेही मोठे अर्थगर्भ आहे. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावली, आणि ‘छाया’ म्हणजे कांतीही. एकाच शब्दात काळोखही आला आणि तेजही आले.

बारा चित्रांचा हिशेब

आमच्या तरुणपणी या मंडळींच्या हाती जो कॅमेरा असे, त्याच्या एका रोलवर चौकोनी अशी बाराच चित्रे निघत. पुढे पस्तीस मिलिमीटरचा रोल आला आणि छत्तीस चित्रांची चैन झाली. रोल महाग असल्यामुळे प्रत्येक कळ दाबण्यापूर्वी मनात हिशेब चाले. रिंगणात अश्व धावला, तो समोरून गेला त्या क्षणी बोट चुकले, तर पुन्हा ती संधी नाही. घरच्या न्हाणीघरालाच काळे पडदे लावून अंधारखोली केलेली. तेथे रोल धुवायचा, लाल दिव्याच्या प्रकाशात कागदावर चित्र उमटवायचे, हायपोत बुडवून ते पक्के करायचे, पंख्याखाली वाळवायचे आणि पाकिटात घालून एस. टी.च्या वाहकाच्या हाती द्यायचे. सोलापूर येथून सुमारे पाऊणशे किलोमीटर. तेथे त्या चित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांचा ब्लॉक तयार होई, मग ते छापखान्यात जाई. गाडी चुकली, की द्वादशीच्या अंकात यावयाची एकादशी त्रयोदशीस वाचकांपुढे येई.

आता रोल गेला, ब्लॉक गेला, अंधारखोलीही गेली. चित्र काढल्यावर काही क्षणांत ते कार्यालयात पोहोचते. अर्थात लाखो भ्रमणध्वनींच्या गर्दीत संदेशवहन तुंबले नाही तर! तसे झाले, की हा गृहस्थ वाड्यांच्या गच्च्या शोधत फिरतो. तेव्हा साधने पालटली तरी पळापळ काही चुकलेली नाही. आषाढातील झिमझिम पाऊस, काचेवर धरणारी वाफ, उधळलेल्या बुक्क्याची यंत्रात शिरणारी पूड, वाळवंटातील चिखल, ही संकटे तर पूर्वीची तशीच आहेत.

दशमी ते पौर्णिमा

एकादशीच्या पहाटे, गाव जागेच असते अशा त्या वेळी, मंदिरात शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात आणि दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्याला त्यांच्यासमवेत पूजेचा मान मिळतो. त्या प्रसंगाचे छायाचित्र सर्वच वृत्तपत्रांत येते. परंतु आम्ही पाहिले आहे ते असे, की प्रमुख पाहुण्यांची वाहने निघून गेली, गर्दी पांगली, की गावचा छायाचित्रकार त्या वारकरी दांपत्याला बाजूस घेतो. नाव, गाव, तालुका विचारतो. आडनावातील अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, हेही विचारतो. त्यांच्या गावात ते कात्रण चौकटीत बसवून देवघराशेजारी लावले जाणार आहे, आणि तेथे नाव चुकले तर ती चूक पिढ्यान् पिढ्या भिंतीवर राहील, हे त्याला ठाऊक असते.

उजाडते तसा तो वाळवंटात उतरतो. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नगरप्रदक्षिणा, दुपारचा रथोत्सव आणि गोपाळपुराच्या दिशेने लांबत गेलेली दर्शनरांग. घरी केलेली साबुदाण्याची खिचडी त्याला मिळते ती तिसऱ्या प्रहरी, गार झालेली. आणि दर्शन? हजारो वारकरी ज्याप्रमाणे गर्दीमुळे कळसाला हात जोडून संतोष मानतात, त्याप्रमाणे तोही मानतो. फरक इतकाच, की तो मंदिराच्या अगदी जवळ असतो आणि तरीही त्याची वारी कळसावरच पूर्ण होते.

द्वादशीला बाहेरगावचे छायाचित्रकार सामान आवरून परततात. त्यांचे काम संपते. याचे संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होऊन पालख्या माघारी फिरेपर्यंत त्याला थांबावेच लागते. मागे राहिलेली घाण, ती उपसणारे सफाई कामगार, दवाखान्यातील रांगा, ताटातूट झालेली माणसे, ही यात्रेची दुसरी बाजू तोच टिपतो. ती छापून आल्याने पुढील वर्षी एखादी सोय वाढते, हा त्याचा प्रसाद.

यात्राकाळात देवाचा पलंग काढून ठेवतात. अहोरात्र दर्शन चालू असते आणि भक्तांसाठी पांडुरंग निद्रा घेत नाही, असा भाव आहे. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात, मग शेज लागते. क्षेत्रातील जी जी माणसे देवाबरोबर या दिवसांत जागी असतात, त्यांत या छायाचित्रकाराची गणना आम्ही करतो. त्याचा शिणवटा घालवणारी योजना मात्र अद्याप कोणी केलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांपैकी अनेकांना नियमित वेतन नसते. जेवढी चित्रे छापली जातात तेवढ्यांचे मानधन. कॅमेरा स्वतःचा, पेट्रोल स्वतःचे. लग्नसराईची कामे आणि दुकानातील ओळखपत्रांची छायाचित्रे यांवर घर चालते.

संज्ञा आणि छाया

येथे एका पुराणकथेचे स्मरण होते. सूर्याची पत्नी संज्ञा. पतीचे तेज असह्य झाले, तेव्हा तिने आपल्याच सावलीपासून हुबेहूब आपल्यासारखी स्त्री निर्माण केली, तिला घरात ठेवले आणि आपण निघून गेली. त्या स्त्रीचे नावच छाया. तेच रूप, तोच स्वर. साक्षात् सूर्य, ज्याच्यापासून जगात काही लपत नाही, तोही फसला. पुष्कळ काळ लोटला. फरक ध्यानात आला तो यमाच्या, एका मुलाच्या. छाया आपल्या लेकरांवर माया करी आणि संज्ञेच्या लेकरांना दूर ठेवी. मुलाने जाणले, की रूप आईचे आहे, परंतु ही आई नाही. हिच्यापाशी वात्सल्य नाही.

वाचकहो, आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. एकादशीच्या एका दिवशी पंढरीत जेवढी चित्रे निघतात, तेवढी पूर्वी कित्येक वर्षांत निघाली नसतील. ती सर्व छायाच आहेत. रूप हुबेहूब, रंग झगझगीत. त्यांत भलत्या वर्षाचे चित्र यंदाचे म्हणून फिरते, भलत्या गावचा पूर चंद्रभागेचा म्हणून दाखवला जातो, आणि सूर्य फसला तेथे आपली काय कथा? अशा वेळी चित्रामागे उत्तर द्यायला कोणी माणूस उभा आहे काय, हे पाहावे लागते. गावच्या छायाचित्रकाराने चुकीचे चित्र दिले, तर दुसऱ्या दिवशी चौकात त्याला हटकणारे शंभरजण असतात. त्याला याच गावात राहायचे असते, याच माणसांच्या मुलांच्या मुंजी-लग्नांत उभे राहायचे असते. त्याचे उत्तरदायित्व तेथून येते, आणि वात्सल्यही तेथूनच येते.

न छापलेली चित्रे

म्हणून या मंडळींची थोरवी आम्ही त्यांनी न काढलेल्या चित्रांवरून मोजतो. चंद्रभागेवर स्नान करून आडोशाविना वस्त्रे बदलणाऱ्या मायभगिनी असतात. नदीला पाणी सुटलेले असताना बुडालेल्या कोणाच्या देहापाशी आप्त आक्रोश करीत असतात. रांगेत घेरी येऊन पडलेला म्हातारा असतो. तेथे कॅमेरा खाली ठेवण्याचा विवेक कोणत्याही यंत्रात भरून मिळत नाही.

अशाच एका छायाचित्रकाराने आम्हांस सांगितलेली हकीकत येथे देतो. महाद्वार घाटाच्या पायरीवर एक वृद्धा दिंडीपासून चुकून रडत बसली होती. डोईवर पदर, मांडीवर तुळस, मागे नदी. चित्र म्हणून पाहिले तर अप्रतिम. त्याने कॅमेरा पिशवीत टाकला. तिला स्वतःच्या गावापलीकडे सांगता येईना. परंतु आपली दिंडी रथामागची आणि तिचा क्रमांक कोणता, एवढे मात्र तिला पाठ होते. तो तिला पोलिसांच्या मदत केंद्रावर घेऊन गेला, ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला आणि तासाभराने तिच्या सोबतिणी धावत आल्या. भेट झाली, एकमेकींच्या पाया पडणे झाले. मग त्याने विचारले, “माउली, आता एक फोटो काढू का?” ती हसली. ते हसू दुसऱ्या दिवशी छापून आले. पायरीवरचे रडणे छापले असते, तर कदाचित अधिक लोकांनी पाहिले असते. वारीत सर्व एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. परंतु हाक मारून परवानगी विचारणे हा त्या शब्दाचा खरा आचार होय.

ओस वाळवंट

या सेवेचे मोल २०२० साली कळले. महामारीमुळे त्या वर्षी पायी वारी झाली नाही. दशमीस, ३० जूनला, संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरीस आल्या. गावात संचारबंदी होती. १ जुलैच्या एकादशीला वाळवंटात पावलांचे ठसे नव्हते. घरोघरी बसलेला वारकरी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होता ती बातमीची आणि चित्राची. फुलांनी सजवलेली ती बस, रिकामा घाट, निर्जन प्रदक्षिणामार्ग, ही चित्रे पाहून खेड्यापाड्यांतील वृद्धांनी हात जोडले. २०२१ सालीही पादुका बसमधूनच आल्या. पायी सोहळा पुन्हा पूर्ववत निघाला तो २०२२ मध्ये. त्या दोन आषाढींना पंढरी कशी दिसत होती, हे पुढील पिढ्यांना सांगणारे पुरावे म्हणजे ही छायाचित्रे.

आपले कर्तव्य

हे पुरावे राहतील काय, ही आमची खरी चिंता आहे. जुन्या छायाचित्रकारांच्या घरी निगेटिव्हचे डबे माळ्यावर पडून आहेत. त्या फिल्मला उष्णता आणि दमट हवा मानवत नाही; ती कुजू लागली म्हणजे डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते आणि एकदा गेलेले चित्र परत येत नाही. नव्या चित्रांची स्थितीही निर्भय नाही. संगणकातील एक तबकडी बिघडली, की दहा वर्षांच्या वाऱ्या एका क्षणात नाहीशा होतात. कोरडी, थंड जागा, प्रत्येक चित्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, आणि सोबत तपशिलाची नोंद, एवढे झाले तरी पुष्कळ. क्षेत्रातील ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी आणि देवस्थानांनी हे काम अंगावर घ्यावे. वृत्तपत्रांनी चित्राखाली चित्र काढणाऱ्याचे नाव अवश्य छापावे आणि यात्रेच्या दिवसांचा योग्य मोबदला त्याला द्यावा.

आणि भाविकांनी? गर्दीत तो दिसला तर दोन पावलांची वाट द्यावी. त्याने नाव विचारले तर सावकाश, स्पष्ट सांगावे. नको वाटले तर निःसंकोच ‘नको’ म्हणावे. जो खरा आहे तो कॅमेरा खाली घेईल. घरी वारीचे जुने छायाचित्र असेल, तर त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने वर्ष, ठिकाण आणि त्यातील माणसांची नावे आजच लिहून ठेवावीत. नावे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत. पुढच्या आषाढीला ती असतीलच, असे कोणी सांगावे?