हप्ता कुणाच्या नावावर, कुणाच्या खात्यावर?

वारणानगरच्या आसपास कुणाच्या मोबाइलवर पीएम किसानच्या हप्त्याचे 2,000 रुपये जमा झाल्याचा मेसेज वाजला, की पारावर लगेच विचारणा होते, "तुझा आला, मग माझा का नाही?" त्यावर मिळणाऱ्या उत्तरांत ऐकीव माहितीच जास्त. यातले पाच समज तपासून पाहू.

गैरसमज : उसाचं बिलही सरकारच देतं.
वस्तुस्थिती : बिल ही उसाची किंमत आहे आणि ती कारखाना देतो. केंद्र सरकार फक्त किमान दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला हा दर टनाला 3,550 रुपये आहे. हातात पडताना त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये म्हणजे या दराने पावणेदोन टनांहूनही कमी ऊस. दोन्हींची गल्लत करू नये.

गैरसमज : पाच एकरांच्या वर जमीन असली की पीएम किसान मिळत नाही.
वस्तुस्थिती : दोन हेक्टरांची अट सुरुवातीला होती, 2019 मध्येच ती निघाली. आता अडसर वेगळे आहेत. घरातल्या कुणी मागच्या वर्षी प्राप्तिकर भरला असेल किंवा कुणाला महिन्याला 10,000 रुपये वा त्याहून जास्त पेन्शन असेल, तर कुटुंब बाद होतं. पेन्शनच्या अटीतून चतुर्थ श्रेणी कर्मचारी तेवढे वगळले आहेत.

गैरसमज : सातबाऱ्यावर जितकी नावं, तितके हप्ते.
वस्तुस्थिती : इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. दोघांच्या नावावर जमीन असली तरी हप्ता एकच. सामाईक सातबाऱ्यावरच्या दोन भावांची कुटुंबं वेगळी धरतात, त्यामुळे दोघंही पात्र ठरू शकतात. जो दुसऱ्याचं रान वाट्यानं किंवा खंडानं करतो, त्याला मात्र काही मिळत नाही. घाम कुणाचा, हे ही योजना विचारत नाही. नाव कुणाचं, एवढंच पाहते.

गैरसमज : 'नमो शेतकरी'साठी वेगळा अर्ज करावा लागतो.
वस्तुस्थिती : राज्याची ही योजना पीएम किसानच्याच यादीवर चालते. तिचा पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 मध्ये आला. दोन्ही मिळून वर्षाला 12,000 रुपये. एक अडलं की बहुधा दुसरंही अडतं.

गैरसमज : हप्ता आला नाही, म्हणजे कुणीतरी नाव कापलं.
वस्तुस्थिती : बऱ्याचदा पैसे येतात, पण आपण भलतंच पासबुक भरून आणतो. सोसायटीचं कर्ज आणि उसाचं बिल यांमुळे जिल्हा बँकेचं पासबुक हाताशी असतं. हप्ता मात्र आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडतो. ते खातं कधीकाळी गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्याच बँकेत उघडलेलं असू शकतं. आधारच्या संकेतस्थळावर आधार-बँक जोडणी तपासली की त्या बँकेचं नाव दिसतं. तिथेही पैसे नसतील तर ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि फार्मर आयडी पाहावा. राज्यात 15 एप्रिल 2025 पासून शेतीच्या योजनांसाठी हा आयडी सक्तीचा आहे.

संगणकावर आपली नोंद पाहणं या भागाला नवं नाही. 1998 मध्ये वारणा परिसरातल्या 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला होता. उसाची नोंद आणि बिल शेतकऱ्याला गावातच दिसावं, हा त्यामागचा एक हेतू. आता तीच सवय हप्त्यासाठी लावायची. पीएम किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्थिती उघडली, की आपली गाडी नेमकी कुठल्या कागदापाशी अडली आहे ते कळतं. पारावर ते कुणालाच सांगता येत नाही.