करक्युमिनला प्रथिनांचे कवच

धनादेश हाती आला म्हणजे रक्कम खात्यात जमा झाली असे होत नाही. तो वटावा लागतो. आहारातील अनेक गुणकारी द्रव्यांचेही तसेच आहे. हळदीला पिवळा रंग देणारे करक्युमिन हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८१५ साली ते प्रथम हळदीतून वेगळे करण्यात आले आणि १९१० साली त्याची रासायनिक रचना उलगडली. पेशींना अपाय करणाऱ्या मुक्त मूलकांना ते निष्प्रभ करते, म्हणून त्याची गणना प्रतिऑक्सिडीकारकांत होते. मात्र पोटात गेलेल्या करक्युमिनचा अत्यल्प अंशच रक्तापर्यंत पोहोचतो.

याची कारणे तीन आहेत. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कधर्मी द्रवात त्याचे झपाट्याने विघटन होते. आणि जे थोडे शोषले जाते, त्याचे आतड्याची भित्ती व यकृत लगेच रूपांतर करून टाकतात. १९९८ साली बंगळूर येथील संशोधकांनी मिऱ्यातील पायपेरिन सोबत दिल्यास रक्तातील करक्युमिनचे प्रमाण बरेच वाढते, असे दाखविले. तथापि पायपेरिन इतर काही औषधांचा निचराही मंदावू शकते. म्हणून अन्य मार्गांचा शोध सुरू राहिला.

त्यांपैकी एक मार्ग प्रथिनांच्या अतिसूक्ष्म कणांचा. निसर्गात याचा नमुना आहेच. दुधातील केसीन हे प्रथिन कॅल्शियम व फॉस्फेट यांना सामावून घेऊन सुमारे १५० ते २०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांच्या रूपात दुधात तरंगत असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. मक्यातील झीन हे प्रथिनही या कामी उपयोगी ठरते. ते पाण्यात विरघळत नाही, परंतु पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळते. अशा द्रावणात झीन व करक्युमिन एकत्र विरघळवून ते ढवळत्या पाण्यात सोडले, की झीनचे सूक्ष्म कण तयार होतात आणि करक्युमिन त्यांत अडकून राहते. हे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत, म्हणून त्यांवर केसीनचा किंवा फळांतील पेक्टिनचा लेप देता येतो.

जठरातील पेप्सिन झीनचे पचन मंद गतीने करते. त्यामुळे आतील द्रव्याचा बराचसा भाग लहान आतड्यापर्यंत सुरक्षित जातो. तेथे स्वादुपिंडाची विकरे कवच हळूहळू तोडतात आणि मोकळे झालेले करक्युमिन पित्तलवणे व स्निग्ध पदार्थ यांच्या साहाय्याने शोषणास योग्य होते. यालाच नियंत्रित विमोचन म्हणतात.

मात्र या विषयातील बरेचसे निष्कर्ष प्रयोगशाळेतील कृत्रिम पचनरसांवर आणि प्राण्यांवर आधारलेले आहेत. शिवाय शोषण वाढले म्हणजे रोग बरा होतो, असे सिद्ध होत नाही. उलट मात्रा वाढल्याने अपायही संभवतो. २०१९ साली इटलीत हळदीच्या अर्काच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींमध्ये यकृतदाह आढळला होता. स्वयंपाकातील हळद आणि शोषण वाढविलेला अर्क यांना एकच समजून चालणार नाही.

म्हणून वेष्टनावरील ‘नॅनो’ या शब्दाने भारावून न जाता घटकांची यादी वाचावी. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी केसीनचा उल्लेख अवश्य पाहावा. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना असे अर्क घेऊ नयेत.