चढणीचे मासे आणि शेतातील औषधे

मृगाच्या पावसाने ओढ्यांना गढूळ पाणी आले, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. चढणीचे मासे म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. ही चढण अंडी घालण्यासाठी असते, ही गोष्ट मात्र मासे धरण्याच्या घाईत सहसा कोणी ध्यानात घेत नाही. याच सुमारास उसातील हुमणीसाठी जमिनीत कीटकनाशके दिली जातात आणि त्या शेतांवरून वाहिलेले पाणी ओढ्यास मिळते.

कटला, रोहू व मृगळ यांचे अंडे घातल्यावेळी मोहरीच्या दाण्याएवढे असते. पाण्याचा स्पर्श होताच ते पाणी शोषून फुगते व त्याचा व्यास दुपटीच्या घरात जातो. या पाण्याबरोबर त्यात विरघळलेली द्रव्येही अंड्याच्या आवरणाआड जाऊ शकतात. म्हणून विषाचा धोका पहिल्या काही मिनिटांपासूनच असतो.

अंड्यातील बलक ही गर्भाची शिदोरी होय. तीत प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि थोडे ग्लायकोजेन असते. आरंभी गर्भाचा कारभार आईकडून आलेल्या द्रव्यांवरच चालतो. काही वेळाने त्याची स्वतःची आनुवंशिक यंत्रणा जागी होते व नवी प्रथिने तयार होऊ लागतात. बलकातील प्रथिने फुटून त्यांतून स्नायू, डोळे व मज्जातंतू घडतात. पाण्याचे उष्णतामान २७ ते ३० अंश सेल्सिअस असेल, तर हे सारे सुमारे १४ ते १८ तासांत उरकते. शेवटी गर्भाच्या ग्रंथींतून एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, पाझरते. ते आवरण विरघळवते आणि पिल्लू वळवळत बाहेर पडते. या मत्स्यजिऱ्यास पुढेही सुमारे तीन दिवस उरलेल्या बलकावरच जगावे लागते.

इतक्या घाईच्या कामात थोडा अडथळाही घातक ठरतो. हुमणीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस हेच पाहावे. मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोहोचला की तो थांबविण्याचे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर करते. क्लोरपायरीफॉस या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबत नाही, स्नायू आखडतात, आणि काही पिल्लांचा कणा वाकडा होतो. विषाशी झगडण्यात शिदोरीही लवकर संपते, वाढ मागे पडते. कित्येक गर्भ आवरणातच मरतात. मोठा मासा मेला तर तो पाण्यावर तरंगतो व गावभर बोभाटा होतो. अंडी नासली तर कोणाला पत्ताही लागत नाही. पुढे दोन वर्षांनी जाळे रिकामे येते, तेव्हा नदीला दोष दिला जातो.

औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाबाबत येथे एक खुलासा आवश्यक आहे. लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांवरील परिणामावरून ठरतात. माशांसाठी ते नव्हेत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माणसास तुलनेने कमी, पण माशांस अत्यंत विषारी आहेत. एंडोसल्फानही माशांस असेच जहाल होते; २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली.

हुमणीचा बंदोबस्त औषधाआधीच सुरू करता येतो. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ व बोरीवर जमतात. गावाने मिळून फांद्या हलवून ते वेचले व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर अळ्यांची संख्या मुळातच घटते. एकट्या शेतकऱ्याने हे केल्यास फारसा उपयोग होत नाही, शेजारच्या बांधावरचे भुंगेरे येतातच. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घ्यावा. औषध द्यावेच लागले तर मोठ्या पावसाचा रंग असताना देऊ नये, ओढ्याकडील बाजूस गवताचा पट्टा राखावा आणि पंप ओढ्यात धुऊ नये.

शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्यांनी पहिल्या पुराचे पाणी तळ्यात घेऊ नये. बीज आणल्यावर त्यातील थोडे बारीक जाळीच्या हाप्यात घालून तळ्यात ठेवावे व उरलेले केंद्राच्या पाण्यातच राखावे. चोवीस तासांनी हाप्यातील पिल्ले जोमाने पोहत असतील, तरच बाकीचे बीज सोडावे.