अतिथी विद्वान आणि मानसशास्त्राचे प्रात्यक्षिक

महाराष्ट्रात ज्यांना तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतात, त्यांना मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत ‘अतिथी विद्वान’ असे भारदस्त नाव आहे. सहायक प्राध्यापकाचे पद रिक्त असेल तेथे त्यांना पाचारण केले जाते. जबलपूरला मानसशास्त्र नवे नाही. शैक्षणिक मानसशास्त्र व मार्गदर्शन यांसाठीचे स्वतंत्र शासकीय महाविद्यालय या शहरात आहे. परंतु पदवीच्या वर्गात हा विषय कोणत्या अटींवर शिकवला जातो, याची चर्चा क्वचितच होते.

मानधनाची चर्चा मात्र पुष्कळ झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रतिव्याख्यान १,५०० रुपये व दरमहा कमाल ५० हजार रुपये अशी मर्यादा ठरविली. सप्टेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीही दरमहा ५० हजार रुपयांपर्यंत मानधन देण्याची घोषणा केली. रकमेचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मानसशास्त्रापुरता खरा प्रश्न सातत्याचा आहे.

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेला स्मृतीविषयक अभ्यास आजही पदवीच्या प्रयोगशाळेत शिकवला जातो. एक विद्यार्थी प्रयोगकर्ता होतो, दुसरा प्रयुक्त. निरर्थक शब्दावयवांची यादी पाठ करावयाची, चुका मोजावयाच्या, आलेख काढावयाचा. शेवटी प्रयुक्ताने प्रयोगाच्या वेळचा स्वतःचा अनुभव लिहावयाचा असतो. गुणांच्या दृष्टीने हा भाग गौण. अध्यापकाच्या दृष्टीने मोलाचा. ‘लक्ष लागले नाही’ या वाक्यानंतर कधी ‘रात्री झोप येत नाही’ असेही वाक्य येते. ते एकदाच आले की महिनाभर येत आहे, हे त्याच हाताने नोंदवही तपासणाऱ्यालाच कळते. अध्यापक हा समुपदेशक नव्हे. तथापि विद्यार्थ्याला ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक देण्याची, योग्य तज्ज्ञाकडे पाठविण्याची पहिली संधी बहुधा त्यालाच मिळते.

नियमित नियुक्ती वा बदलीने पद भरले गेले की अतिथी विद्वानाला बाहेर पडावे लागते. तेथील बोलीत याला ‘फॉलन आउट’ म्हणतात. मानसशास्त्राच्या अध्यापकाने हा शब्द स्वतःविषयी वापरावा, यात एक कडवट विनोद आहे. २०१९ च्या अखेरीस लोकसेवा आयोगामार्फत निवडलेले उमेदवार शैक्षणिक वर्षाच्या मध्येच रुजू होऊ लागले, तेव्हा अनेकांवर ही वेळ आली आणि भोपाळमध्ये दीर्घ आंदोलन झाले. नियमित नियुक्त्या आवश्यकच होत्या. पण मानसशास्त्राची पदे मोजकी. जबलपूरमधून बाहेर पडलेल्याला पुढची जागा मंडला किंवा दिंडोरीत मिळेलच, याची शाश्वती नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मध्य प्रदेशाने २०२१-२२ च्या सत्रापासून महाविद्यालयांत लागू केले. २०२५ मध्ये आयोगाने दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश थांबविण्यास सांगितले. म्हणजे हा विषय आता प्रत्यक्ष वर्गातच शिकावयाचा आहे. अशा वेळी जाणाऱ्या अध्यापकाने चालू सत्राची प्रात्यक्षिके पूर्ण करावीत आणि नव्या अध्यापकासोबत काही दिवस बसून नोंदवह्या त्याच्या स्वाधीन कराव्यात, एवढी तरतूद नेमणुकीच्या आदेशात करता येईल. त्यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही. आज बहुतेक वेळा नव्या अध्यापकाच्या हाती गुणांची यादी येते आणि नोंदवह्या कपाटात राहतात.