‘बाबा, आता मी क्लासला नाही जाणार’

डिसेंबरात लेकीची गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची ‘प्रवेशिका प्रथम’ परीक्षा झाली. परतताना दांडिया बाजारात शेव-उसळ खाता खाता ती म्हणाली, “बाबा, आता मी क्लासला नाही जाणार.”

“अगं, तीन वर्षं झाली! आता सोडायचं?” माझ्या तोंडून निघून गेलं. डोक्यात हिशेब सुरू झाला: फी, तबल्याची जोडी, दर शनिवारी स्कूटरवरून ने-आण. गंमत म्हणजे ऑफिसात ज्युनिअरना मीच सांगतो, की सहा महिने घातले म्हणून एखादं मॉड्यूल ठेवायचं नसतं, पुढे उपयोग आहे का तेवढंच बघायचं. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नाटकांच्या हंगामी तिकिटावर त्यांनी काहींना सवलत दिली, काहींना पूर्ण दर लावला. पूर्ण पैसे मोजलेली मंडळी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आली. नाटकं तीच होती! बुडालेला खर्च माणसाला असा ओढून नेतो, आणि आईबाबांना तर जरा जास्तच.

पण म्हणून मूल म्हणेल तेव्हा सोडायचं का? नाही. वर्षभरापूर्वी एक कायदा दुगुणीत बसेना, तेव्हाही ती रडून “सोडते” म्हणाली होती. तेव्हा आम्ही अँजेला डकवर्थ यांच्या घरचा नियम उचलला. त्यांच्या ‘ग्रिट’ या पुस्तकात तो आहे: सोडायला हरकत नाही, पण वाईट दिवशी नाही. भरलेली फी संपू दे, हंगाम संपू दे, मग ठरव. आम्ही ‘परीक्षेपर्यंत’ असं ठरवून कालनिर्णयावर तारीख लिहिली. पंधरा दिवसांत तो कायदा बसलासुद्धा.

म्हणजे तिनं शब्द पाळला होता. शेवटची रेषा पुढे सरकवत होतो तो मी.

घरी आल्यावर तिला विचारलं, “तुला तबला कशासाठी शिकायचा होता?” उत्तर तयार होतं: आजोबांच्या पेटीला साथ करायला. ती तर तिनं गणपतीत केली होती! ‘विशारद’ माझ्या डोक्यात होतं, तिच्या नव्हे. खुणाही होत्या, मी पाहिल्या नाहीत. सांगितल्याशिवाय ती तबल्याला हात लावत नव्हती, आणि शनिवारी सकाळी हमखास पोट दुखायचं. कंटाळा दोन दिवसांत जातो, हे चार महिने चाललं होतं.

एक अट मात्र घातली. सरांना तिनं स्वतः जाऊन सांगायचं. पेढे घेऊन गेलो. सर म्हणाले, “हात चांगला आहे. वाटलं तर ये परत.” बाहेर पडल्यावर ती थोडी रडली. मी काही बोललो नाही.

आता ती बास्केटबॉलला जाते. ‘कुठपर्यंत?’ हे या वेळी आधीच विचारलं. “शाळेच्या टीममध्ये येईपर्यंत,” म्हणाली. फी तिमाहीचीच भरली आहे. तबल्याची जोडी विकायची का, असं हिनं विचारलं तर लेक म्हणाली, “नको, आजोबा पेटी काढतात तेव्हा लागते ना.”